बोललेलं

चाळिसाव्याची फातेहा झाली, भाड्याची पातेली मोजून परत गेली,
तेव्हा हिरुबाई चोगले टोपलीसकट ओट्यावर बसली.
सुरमई नव्हती. बांगडा होता, तोही कालच्या लिलावातला.
म्हणाली, पैसे नको. तुझ्या आयशीचं एक माझ्याकडं राहिलंय.

मग तिने ते वादळ काढलं,
ज्यात आमची होडी चार दिवस हरवली होती.
बाप तिच्यावर तांडेल, हिरुबाईचा नवरा खलाशी.
हर्णैच्या वाळूत दोघी उभ्या,
एकीच्या हातात नारळ, दुसरीच्या पोटात मी.

"मी नारळ बोललेले. शीड दिसलं तशी फेडून मोकळी झाले.
तुझी आय तुलाच बोलली.
अल्लाला म्हणाली, ह्याला आण,
ह्यो पोटातला दर्यावर घालायची नाय."

बाप आला. ओठ मिठाने फुटलेले.
पुढे एकोणतीस वर्षं जगला, आणि खाटेवर गेला, कोरड्या अंगाने.

आणि मी एकोणिसाव्या वर्षी
तेलाच्या जहाजावर.
अकरा वेळा निघालो.
अकराही वेळा तिने सांदणं वाफवली, डब्याला फडकं बांधलं,
फाटकापर्यंत आली, काही बोलली नाही.
जैबू फोनवर सांगायची, तू गेलास की आई तीन दिवस जेवत नाही.
मी म्हणायचो, रडत असेल, दुसरं काय.
मगरीबला खजूर तोंडात घालते, हे जैबूने सांगितलं नव्हतं,
की सांगितलं होतं
आणि इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

अकरा त्रिक तेहतीस.
बोटांच्या पेरांवर मोजले, तसबीह नसली की मोजतात तसे.

मौलवी इद्रीस हुनेरकरांनी चष्मा पुसला.
"दुसऱ्याच्या आयुष्याची मन्नत लागू होत नाही, बाबा.
तिच्यावर काही नव्हतं.
असलंच, तर तिने ते पुन्हा पुन्हा फेडलंय.
तुझ्या मनाला डाचत असेल, तर दहा गरिबांना जेवू घाल."

दहा गरीब कुठून आणू?
आमच्या मोहल्ल्यात घराघराला संगमरवर, आणि घरात कुणी नाही.
गरीब आहात का, असं विचारायचं तरी कसं?
मशिदीचा झाडूवाला, त्याचा मुका भाऊ,
पीराच्या पायरीवरच्या दोघी,
इतकेच जमले.
शेवटी बंदरावर गेलो. ट्रॉलरवर नेपाळी पोरं जाळं शिवत होती.

सहा आली. सगळ्यात शेवटचा टेकबहादुर,
मिसरूडही न फुटलेला.
गावाहून समुद्र किती लांब, विचारलं.
हसला. म्हणाला, आईला अजून सांगितलंच नाही, हॉटेलात आहे म्हणतो.
पुलाव अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधू लागला:
बोटीवर एक जण तापाने पडलाय.
मी त्याच्या पानात पुन्हा वाढलं.
मौलवींचा हिशेब दहाचा होता.

भरती लागली तशी पोरं उठली, ओले हात विजारीला पुसत.

आता जहाजाचं पत्र आलंय. एकवीस तारीख.
जैबू न विचारता तांदूळ भिजत घालते आहे.
तिच्या फोनवर बावीसच्या पहाटेचा गजर लावलेला दिसला,
साडेचारचा.
मी फोन होता तसा पालथा ठेवला,
आणि काही बोललो नाही.