शून्य वाजून एक मिनिट

पॉलिसी सुरू होते मध्यरात्री,
शून्य वाजून एक मिनिटाने.
छापलंय तसं. मी नाही ठरवलं.

सुलक्षा वेरेंकर पर्समधून फोन काढते.
मागचं डावं दार आत गेलेलं,
मळलेल्या कणकेत मूठ रुतावी तसं.
खळग्यात पिवळा रंग, फेरीबोटीच्या कठड्याचा.
"शनिवारी सांजेला. चोडणहून पोंबुर्फ्याला येताना.
जुना विमा गुरुवारीच संपला होता.
पैसे आज भरतेय." मग, जरा थांबून,
"चालेल ना?"

अठरा वर्षं म्हापशात हे दुकान.
विमा पुढचं बघतो, बाये. मागचं नाही.

"पण तारीख कोण बघतं?"

गंज बघतो.
इथली खारी हवा उघड्या पत्र्यावर
दोन रात्रींत तांबूस बसते.
सर्वेअर बोट फिरवतो, बोटाकडे बघतो,
मग तुझ्याकडे.
शिवाय फेरीवरचा आगुस्तीन माझंच गिऱ्हाईक,
त्याच रात्री हातोडा घेऊन
त्यानं कठडा सरळ केला. त्याला शनिवार पाठ आहे.

एकदा मी तारीख मागे घातली होती.
पेडण्याचा माणूस, लग्नाआधी ठोकलेली जीप.
काही झालं नाही. पैसे मिळाले,
त्यानं काजूची पिशवी आणून दिली.
तेव्हापासून बाजारात दिसलो की
तो मिरच्यांचा भाव विचारत बसतो,
मी निघून जाईपर्यंत.
हे मी तिला सांगत नाही.

बाहेर येऊन चारी बाजूंनी फोटो काढतो.
अर्जावर लिहितो: आधीचं नुकसान, मागचं डावं दार.
ती वाचते, सही करते.
अक्षर शाळेतल्या बाईंचं, वळणदार.
करासवाड्याच्या नझीरचा नंबर देतो,
तो रबरी हातोड्यानं दार बाहेर काढतो,
बिल फाडत नाही, घासाघीसही करत नाही.

"आणि आता घरी जाताना?"

घड्याळात सव्वापाच.
आणखी पावणेसात तास ही गाडी कुणाचीच नाही.
गाडी इथंच राहू दे, म्हणतो.
ती चावी टेबलावर ठेवते, जरा जोरात,
आणि बसस्टँडकडे चालू लागते.

दुकानाच्या वरच राहतो मी.
बारा वाजून गेले तेव्हा जागा होतो.
खाली दिव्याखाली गाडी तशीच,
टपावर एक कुत्रं झोपलेलं.
तिला काहीच कळलं नाही.