काय गावलं?

बाटली आली थर्माकोलच्या पेटीतून,
तीन दिवसांचा प्रवास, बर्फाचं कोमट पाणी झालेलं.
चिकटपट्टीवर कुणाचं तरी तिरकं अक्षर:
युरेनियम खाण, गाळाचं तळं, पूर्व काठ, दोन मीटर खोल.
कोल्हापुरात अशी खाण नाही.
इथं सागरमाळावर मोर ओरडतात
आणि इंगवले मॅडम म्हणतात,
सारिका, हातमोजे दोन घाल, एकावर एक.

पाणी दिसायला साधं.
तांब्यात ओतून ठेवलं तर पाहुणा पिऊन जाईल.
भिंगाखाली मात्र वस्ती.
दांड्या, मणी, स्वल्पविराम,
बुळबुळीत एका पांघरुणात दाटीवाटीनं.
हवा नाही, म्हणून धातूवर श्वास घेतात.
विरघळलेल्या युरेनियमच्या हातावर
दोन इलेक्ट्रॉन ठेवतात,
की तो चालायचा थांबतो
आणि तळाशी बसतो, काजळीसारखा.

आबा झारेकरी होता.
गुजरीतल्या पेढ्या उघडायच्या आत
कुंचला आणि लाकडी पाटी घेऊन
गटाराच्या तोंडाशी उकिडवा.
सराफांनी हात धुतलेलं पाणी,
कारागिरांच्या पायांची धूळ,
सगळं पाटीत. गोल. गोल. गोल.
माती हलकी, ती जाते.
सोनं जड, त्याला जाववत नाही.
मी पायरीवर, दप्तर मांडीत.
काय गावलं, आबा?
“मुंगीचा डोळा,” म्हणायचा,
आणि दुसऱ्या दिवशी वहीला पैसे असायचे.

मग पारा लागायचा.
परसात तीन विटांची चूल,
पारा उडून जायचा, सोनं मागं राहायचं.
पारा कुठं गेला, हे आम्ही विचारलं नाही.
पुढं पुढं बशी वाजायला लागली त्याच्या हातात.
सही करताना ‘बाळकू’मधला ळ
कागदाबाहेर जायचा.

तिसऱ्या आठवड्यात नमुना सतरा काळा पडला.
वरचं पाणी नितळ. यंत्रावरचा आकडा
एवढा खाली, की मी परत मोजला,
मग मॅडमनी मोजला,
मग शेजारच्या खोलीतला मुल्लाणी उगाच येऊन बघून गेला.
मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या,
बूच उघडू नकोस.
हवा लागली की परत विरघळतं.

म्हणजे संपवत नाहीत ते.
नुसतं बसवतात.
विष तेच, तेवढंच, आपल्या चालीनं झिजणारं,
आपल्या पणतवंडांच्याही पुढं.
फक्त विहिरीकडं निघालेलं
वाटेत थोपवून धरलेलं,
जोवर कुणी गाळ ढवळत नाही तोवर.

रात्री साडेनऊ. इमारतीत मी आणि शीतपेटीची घरघर.
नळी दिव्यापुढं धरली
आणि जीभ आपोआप घरच्या बोलीत गेली:
काय गावलं रं?
कोण सांगणार.
त्यांना कुठं माहीत आपण कुणाची गटारं धुतोय.
त्यांच्या लेखी तो श्वास आहे नुसता,
आणि उद्याचा श्वास.

नोंदवहीत लिहिलं: सतरा, बूच घट्ट, रंग काळा.
खाली तारीख. सही.
ळ नाही माझ्या नावात.

आबाची पाटी अजून माळ्यावर आहे, उपडी.
आई तिच्यात कधी लसूणसुद्धा ठेवत नाही.