एकास बहात्तर

एकास बहात्तर हे प्रमाण.
माझं वयही बहात्तर, निव्वळ योगायोग.
ब्लाझेना विचारते, मग पुढच्या वर्षी काय करशील?

नोव्हेंबरात शाळेच्या व्यायामशाळेत
जुन्या खोक्यांचा बाजार भरतो.
सगळे माझ्यासारखेच: चष्मा कपाळावर,
खिशात चुरगळलेल्या नोटा,
आणि घरी सांगायची किंमत वाटेतच ठरवलेली.
तिथे हे मिळालं, आविया, दोन मजली पंखांचं.
खोकं एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेलं.
विकणारा म्हणाला, कोणीतरी सुरू केलेलं आहे हं.
म्हणून स्वस्त.

ओलोमोउत्समध्ये मी एकतीस वर्षं ट्राम चालवली.
लोकांना वाटतं, चालवणं म्हणजे वळवणं.
ट्रामला वळवायचं चाकच नसतं.
रूळ नेतील तिकडे जायचं, घंटा वाजवायची,
म्हातारीला चढू द्यायचं, दार लावायचं.
रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून
मी उडणाऱ्या गोष्टी जोडत बसायचो.
त्यात फार अर्थ शोधू नका.
हात रिकामे राहवत नसत, इतकंच.

आता हात रिकामेच आहेत, पण थरथरतात.
कोपर टेबलाला टेकवायचं, श्वास सोडायचा,
आणि पुढचा श्वास सुरू व्हायच्या आत
पंखांमधला दांडा खाचेत बसवायचा.
दिवसाला दोन दांडे. कधी एकच.
एक खाली पडला तर अख्खी दुपार
गुडघ्यांवर, टॉर्च घेऊन, फ्रिजखाली.
एवढीशी वस्तू पडताना
आवाजसुद्धा करत नाही.

पंखांवर चिकटवायच्या चित्रांचा कागद पिवळा पडलेला.
तो पारदर्शक पिशवीत घालून
दक्षिणेच्या खिडकीला लावलाय, काचेच्या आतून.
मोराव्हियातलं हिवाळी ऊन, ते असून असून किती असणार,
पण तीन आठवड्यांत पांढरं पांढरं दिसू लागलंय.
समोरच्या इमारतीतल्या बाईंनी जिन्यात विचारलं,
काय वाळत घातलंय हो?
पिवळेपणा, म्हटलं.

सूचनांच्या कागदावर पेन्सिलीनं नाव आहे:
वीतेक, चौथी ब.
पहिल्या पायरीवर बरोबरची खूण. दुसरीवर. तिसरीवर.
चौथीवर इतकी जोरात की कागद फाटलाय.
पाचवी कोरी.
वैमानिकाला त्यानं चेहरा दिलाय नखांच्या रंगानं,
बहुधा बहिणीच्या, बहुधा चोरून;
लालभडक, जणू आताच ओरडा खाऊन आलाय.

आणि डाव्या पंखाखाली
गोंद वाळायच्या आधी दाबलेला अंगठा.
तेवढंच प्लॅस्टिक विरघळून पुन्हा घट्ट झालंय,
रेषा भोवऱ्यासारख्या, एकही पुसलेली नाही.

रीत अशी की हे घासून काढायचं.
चारशे नंबरचा कागद, मग आठशे,
मग पाणी लावून हजार.
कागद कापून ठेवला. कॉफी केली,
गाळ तळाला बसेपर्यंत थांबलो.
बसल्यावरही थांबलो.

पाचव्या पायरीला काय झालं असेल?
गोवर आला, घर बदललं, कोणी फुटबॉल दिला,
गोंदाची नळी वाळली आणि नवीला पैसे नव्हते,
की नुसताच कंटाळा, मुलांना येतो तसा?
आज तोही साठीकडे झुकला असेल.
या गावचा असेल तर दप्तर मांडीवर घेऊन
शेकडो वेळा माझ्या पाठीमागे बसला असेल,
आणि मी फक्त दार लावलं असेल.

ब्लाझेना भिंग धरून खूप वेळ बघत राहिली.
म्हणाली, वरून रंग दिलास की दिसणार नाही.
दिसेल, म्हटलं. पातळ देईन.

काल पाचवी पायरी झाली.
पेन्सिलीला टोक करून खूण केली मी,
त्याच्याच रांगेत, त्याच्या खुणेखाली.
हात हलला.
दोघांत माझीच खूण पोराची वाटते.

आता सहावी. चाकं.