दोर

पहाटे साडेपाचला मी कॉलेजला उठवायचो.
त्या बदल्यात फी माफ, आणि मनोऱ्याखालची खोली,
जिच्या भिंतीतून डिसेंबर सरळ आत यायचा.
दोर गोठून काठीसारखा ताठ.
तळहात आधी सोलले, मग निबर झाले,
मग त्या हातांना ग्रीक शब्दकोशाची पानं
सुटी सुटी उलटेनाशी झाली.

ऑर्विल स्टॅनिफोर्डचेही हात निबर होते,
पण वल्ह्यांनी.
जेवायच्या टेबलावर तो ते उताणे ठेवायचा,
सगळ्यांना दिसतील असे.
मी माझे मांडीवर झाकायचो.
एकाच जातीचे घट्टे, पण सोयरीक नव्हती.

शेवटच्या ठोक्यापासून प्राध्यापक पेक यांच्या दाराच्या कडीपर्यंत
अंतर किती, ते मला विचारा:
चौऱ्याऐंशी पायऱ्या, ओलं गवत, विहीर, विटांचा जिना.
ठोक्याचा घुमारा विरला की कडी पडायची.
बाकीचे घंटा ऐकून निघत,
मी ती वाजवून निघायचो.
असा पळायला शिकलो.

अठराशे शहात्तरच्या जूनमध्ये
क्लबाला मैलाच्या शर्यतीसाठी माणूस मिळेना.
"तो घंटेवाला घ्या," स्टॅनिफोर्ड म्हणाला,
"थ्रॉल की कोण. रोज पळताना दिसतो."
कॉलेजच्या अध्यक्षांनी प्रार्थनेनंतर बजावलं,
देह देवाने उसना दिलाय, झिजवून परत करू नका.
वडिलांनी पत्रात एवढंच विचारलं,
गवत कापायला कधी येतोस?
थर्झाने, माझ्या बहिणीने, पिठाच्या पोत्याची तुमान शिवली.
मागच्या बाजूला गिरणीचं अर्धं नाव
धुऊन धुऊनही राहिलंच.

दोर एक दिवसापुरता चेस्टर डोलकडे सोपवला.
पहिल्या वर्षाचं पोर, अंगाने काडी.

जत्रेचं मैदान. घोड्यांची धावपट्टी, मैलाला दोन फेऱ्या.
पहिल्या फेरीत मी पाचवा,
तोंडात धूळ, नाकात लीद,
आणि मनात, खरं सांगतो, गवत.
तेवढ्यात पंचांच्या मचाणावर कुणीतरी घंटा हाणली.
घोड्यांचीच घंटा, शेवटच्या फेरीची.
माझ्या पोटात गोळा आला.

घंटा वाजतेय, आणि दोर माझ्या हातात नाही.
म्हणजे उशीर झाला.
म्हणजे पेक कडीकडे चालत निघालेत.

तिघांना मागे टाकलं म्हणतात.
मला आठवते ती विहीर, आणि जिना,
जे त्या मैदानात नव्हतेच.
रेघ ओलांडूनही थांबलो नाही.
थेट प्रेक्षकांच्या बाकांत शिरलो,
निळी छत्री घेतलेल्या एका बाईंच्या शेजारी
रिकामी जागा होती, तिथे बसलो,
आणि म्हणालो, "हजर."

लोक पोट धरून हसले.
स्टॅनिफोर्ड नाही हसला. आपला कोट त्याने माझ्या अंगावर टाकला,
आणि बाह्या ओढून देताना
माझे हात पाहिले.
काही बोलला नाही. बोटं मात्र क्षणभर तिथेच राहिली.

दुसरं बक्षीस, रॉकेलचा दिवा.
पहिलं म्हणजे चांदीचा पेला होता.
पेल्याच्या उजेडात वाचता येत नाही,
असं स्टेशनवरून चालत येताना
मी स्वतःला सहा मैल समजावलं.

रात्री डोल मनोऱ्यात सापडला,
दोन्ही हात बादलीत.
"मी दोर सोडलाच नाही," तो म्हणाला.
"त्याने मला उचलून वर नेलं.
आज कॉलेजला तीन ठोके
आणि एक किंकाळी ऐकू आली."

दिवा पेटवून खिडकीत ठेवला, आणि दाखवलं त्याला:
खाली ओढायचा जीव लावून,
वर निघाला की सोडायचा. भांडायचं नाही.
तो जातो आणि आपणहून हातात येतो.

"आणि नाही आला परत?"

खालच्या अंगणात कुणीतरी शीळ घालत नदीकडे चाललं होतं.
नाही आला, मी म्हणालो,
तर एक दिवस झोपू देत सगळ्यांना.