मे अखेरचा रिपोर्ट

मुंबई ऑफिसला कळवायची आहे
बाजाराची स्थिती, पाच तारखेच्या आत,
एका पानात, शक्यतो आकड्यांत.

तर कळवतो.
नागपुरात आज सेहेचाळीस पूर्णांक दोन.
हा विक्रीचा आकडा नाही.
वाडीच्या गोडाऊनमध्ये लिपस्टिक उभी राहत नाही, साहेब,
टोपण काढलं की मान टाकते.
दिघोरीच्या पार्लरवाल्या वनमाला निखारे
तिला रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतात, भेंडीच्या शेजारी,
आणि सकाळी आगकाडीनं पुन्हा सरळ बसवतात.
"माल तुमचा चांगला हाय जी," म्हणतात,
"पन थंड गावचा हाय."

तुम्ही विचारलंत, शेड चौदा परत का येते?
तिचं नाव तुम्ही ठेवलंय 'पॅरिसची संध्याकाळ'.
इथे संध्याकाळ सातनंतर होते
आणि तेव्हाही भिंतीला हात लावता येत नाही.

गोरेपणाच्या क्रीमचं नाव बदललंत, बरं केलंत.
आता ती 'तेज'. ट्यूब तीच, बारा रुपये जास्त.
इतवारीत लछवानी शेठच्या काउंटरवर पोरी येतात,
नवं नाव घेत नाहीत, जुनंही नाही,
नुसतं दाखवतात : ते.
शब्द काढला.
बोट राहिलं.

परफ्युमचं असं आहे :
भरल्या बाटलीला गिऱ्हाईक नाही, रिकामीला आहे.
खोक्यासकट असली तर गांधीबागेत साठ रुपये,
आठ दिवसांत कुठूनशी भरून परत येते
आणि वास अगदी आपलाच देते, पहिली वीस मिनिटं.
आपली दिवाळी स्कीम तेवढीही टिकली नव्हती.

उन्हाळ्यात या शहराचा वास एकच.
कूलरच्या ओल्या वाळ्याचा.
बर्डीपासून पारडीपर्यंत खिडकीखिडकीतून फुकट येतो,
त्याला स्टॉकिस्ट नाही, एमआरपी नाही, एक्सपायरी आहे ती मृगापर्यंत.
त्याच्यासमोर उभं राहायला तुम्ही मला
तीनशे सॅम्पल पाठवलीत, 'समुद्राची झुळूक'.
समुद्र इथून एका रात्रीच्या गाडीवर आहे.
झुळूक त्याहून लांब.

एक ग्राहक मात्र नियमित आहे.
आपला माल घेत नाही, तरी लिहितो.
खेमराज उमाठे, मेडिकलच्या शवागारात कामाला.
पगार झाला की मोमिनपुऱ्यात कय्यूमचाचाकडे येतो,
गुलाबाची सर्वांत छोटी, सर्वांत उग्र कुपी घेतो.
भाव करत नाही. हुंगूनही बघत नाही.
एक बोट नाकाखाली, एक थेंब रुमालाच्या कोपऱ्याला,
की दिवस निघतो.
परवा मी सहज विचारलं,
घरी जाताना लावत असाल थोडं?
"नाही बाप्पा," म्हणाला,
"घरी चालत नाही.
पोरगी म्हनते, बाबा, तुमच्या डूटीचा वास येऊन राहिला."
मग कुपी खिशात टाकत,
"लग्नात तिच्या गुलाबपानी शिंपडू नाही देल्लं तिनं.
पाहुने म्हनत, काहून?
काय सांगू?"

कय्यूमचाचा बोळा कानामागे खोचत होता,
त्यानं तो काढून मुठीत धरला.

तुमच्या फॉर्ममध्ये ग्राहकाला तीन रकाने आहेत :
प्रीमियम, मास, इतर.
याला कुठे टाकू, कळवावे.
तोवर जागा मोकळी ठेवली आहे.

बाकी जूनमध्ये मागणी सुधारेल.
लग्नं आटोपली, पण शाळा उघडतील,
पालकसभेला बायांना काहीतरी लागतंच.
लिपस्टिक पाठवणार असाल तर रात्रीच्या गाडीनं पाठवा,
आणि खोक्यावर 'ही बाजू वर' लिहू नका,
इथे पोचेतो तिला बाजू उरत नाही.
शेड चौदा नको.

आपला,
मुरलीधर हेडाऊ
विदर्भ विभाग