चाळीस नंबरचा दोरा

बिराप्पा गडदे पहाटेच दुकानाची फळी वाजवतो.
खांद्यावर घोंगडं, घोंगड्यात कुत्री.
"रसूलभाई, उसवलीया. शिवा."

जनावरांचा डॉक्टर झऱ्याला मंगळवारी येतो.
आज शुक्रवार.

काटेरी तारेनं बरगडीपासून मांडीपर्यंत
सरळ रेघेत फाडलेली, खडूनं आखून द्यावी तशी.
कातडी बघितली. मलमल.
एवढं पातळ अंग घेऊन
बोराटीच्या माळावर कोण पाठवतं कुणाला?

हिचं नाव सुतळी.
सांगलीच्या एका हळदीच्या पेढीवरल्या पोरानं
हौसेनं आणलेली. व्हिपेट म्हणे जात.
पंखा लावला की थरथरायची,
फटाका वाजला की थरथरायची,
सोफ्याच्या कोपऱ्यात मुटकुळं करून बसायची.
"फार नाजूक आहे हो," म्हणत
खरसुंडीच्या यात्रेत तो बिराप्पाच्या हाती दोरी देऊन गेला,
वर एक लाल स्वेटर, चार बाह्यांचा.
स्वेटर पुढं एका कोकराला झाला.

गाव हसलं.
चिपाड आणलंस का रं? कणा मोजता येतोय की.
आपला कारवानी बघ, छाती बघ त्याची.
बिराप्पा बोलला नाही.
बाजरीची भाकरी ताकात कुस्करून घातली
आणि कुसळात सोडली.

मी एकदाच पाहिलंय.
हिवराच्या बुडाशी दोन कान उठले
(कुणाचे ते विचारू नका,
फॉरेस्टचे साहेब माझ्याकडंच पँट शिवतात)
आणि ही सुटली.
पळाली म्हणवत नाही मला.
कात्री नुसती उघडी धरून पुढं ढकलावी,
कापड आपोआप दोन बाजूंना व्हावं,
तसा माळ फाटत गेला.
वळणावर कारवानी मुरमात घसरला दहा हात,
ही जागेवर वळली, काजाच्या टोकाशी टाका वळतो तशी.
परत आली तेव्हा चारही पंजे सोललेले.
पाणी प्यायली. पुन्हा उभी, माळाकडं तोंड करून.

आता माझ्या फळीवर आडवी.
कुत्र्याला शिवतोय रसूल, म्हणून दारात पोरं जमलेली.
दोरा उकळत्या पाण्यात, सुई चुलीच्या जाळात,
हळद मिठाच्या पाण्यात कालवलेली.
सून सुई ओवून देते.
दोन वर्षं झाली, माझा हात कापतो.
पँटपीस आता कुणी देत नाही मला,
पिशव्या येतात, उशांचे अभ्रे,
आणि "असू दे भाई, घाई न्हाई" असं बोलणं.

पहिला टाका घातला.
ओरडली नाही. चावली नाही.
बिराप्पानं तोंड धरलं होतं, तेही सोडलं.
फक्त थरथरली, नाकापासून शेपटीपर्यंत,
आणि माझ्या हातातली थरथर
तिच्या अंगातल्या थरथरीला लागली.
दोन्ही एका लयीत आल्या की काय कोण जाणे,
सुई सरळ जात होती.

चाळीस वर्षं मशीन चालवलं मी.
पायडल मारलं की तेही असंच कापायचं,
फळीवरचा चहाचा पेला किणकिणायचा.
मशीन भ्यालंय असं
कधी कुणी म्हटलं नाही.

तेवीस टाके.
मलमलीखाली हाताला काय लागलं सांगू?
मांजरपाट. दुहेरी विणीचा, कोरा,
ज्याला सुई मोडावी असा.

बिराप्पा पैसे विचारतो. मी म्हणतो,
आठ दिवस बांधून ठेव, तेवढं दे.
"व्हय," म्हणतो.

रविवारी पहाटे फळी उघडली
तर मेंढरं माणगंगेकडं निघालेली,
आणि सगळ्यांच्या पुढं, धूळ उडायच्याही आधी,
काळ्या दोऱ्याची एक ओळ
माळावरून जात होती.

शिव्या घातल्या मी. बिराप्पाला, तिला, दोघांना.
मग सुनेला म्हटलं,
त्या साहेबांची पँट कुठंय? आण इकडं.