हातचा एक

सोहारची औद्योगिक वसाहत, प्लॉट चाळीस-ब,
पाइपांचा कारखाना.
जमीन पाच वर्षं फुकट, वीज अर्ध्या दरात,
बदल्यात नव्वद नोकऱ्या
आणि पगार सरासरी एकशे नव्वद रियाल.
कलम सहा. मीच टाइप केलं होतं
तीन वर्षांपूर्वी, रमजानच्या दुपारी,
ऑफिसात कुणी पाणी पीत नव्हतं म्हणून मीही न पिता.

तेव्हा तो शब्द खटकला नाही.
सरासरी.
किती सज्जन शब्द,
नुकतीच इस्त्री फिरवलेला.

आज नगरपालिकेच्या बदरियाबाई
फाईल काखोटीला मारून म्हणाल्या, चल, मोजून येऊ.

यादीत नव्वद नावं.
मालक, चार हजार.
मालकाचा मेहुणा, चार हजार
(हुद्दा सल्लागार, मुक्काम परदेशी).
उरलेले अठ्ठ्याऐंशी, एकशे दहा, एकशे दहा, एकशे दहा,
पानामागून पान.
कॅल्क्युलेटर होता, तरी बोटं आपसूक
देवरुखच्या शाळेत जाऊन बसली:
नऊ आणि आठ सतरा,
सतरातले सात, हातचा एक.
भागिले नव्वद.
एकशे शहाण्णव, वर थोडे बैसा.

अट पुरी झालेली.
अटीहून सहा रियाल चढच.
मालकानं खजुरांची थाळी पुढे सरकवली,
काहवा ओतला, स्वतःच्या हातानं.

मग शेडमध्ये रांग लावली.
डोकी सत्त्याऐंशी.
पुन्हा मोजली. सत्त्याऐंशी.
कुणी आजारी नाही, कुणी रजेवर नाही.
सतराव्या ओळीत अब्दुल मोतालेब,
त्रेसष्टाव्या ओळीत मुत्तलिब अब्दुल,
आणि दोन्ही नावांना "हजर" म्हणाला
एकच माणूस, नोआखालीचा,
डाव्या भुवईत वेल्डिंगच्या ठिणगीचा डाग.
हिंदीत, अगदी अदबीनं त्यानं विचारलं:
बाई, मी दोन असेन
तर दुसऱ्याचा पगार कुणाकडे मागू?

मी हसले.
बदरियाबाई हसल्या नाहीत,
मग मीही मान खाली घातली.

जोगळेकर मास्तर सांगायचे,
हातचा वर, कोपऱ्यात, बारीक लिहा.
आणि उत्तर आलं की
खोडून टाका, वही स्वच्छ दिसू दे.

निघताना मालक म्हणाला, आवाज न चढवता,
जाच करू नका. पलीकडच्या बंदरात
जागा पडून आहे, वीजही स्वस्त,
आणि तिथं डोकी मोजायला कुणी येत नाही.
खोटं बोलत नव्हता तो.
बदरियाबाईंचा धाकटा भाऊ
डिप्लोमा घेऊन दोन वर्षं घरीच आहे.
गाडीत त्या काही बोलल्या नाहीत.
रस्त्याकडेला सुकत घातलेल्या मासळीचा वास
काच लावली तरी आत.

संध्याकाळी नव्या कराराचा मसुदा.
मुतवस्सित या शब्दावर त्यांनी रेघ मारली,
विचारलं, तुमच्या भाषेत याच्या उलट काय?
उलट असं काही नाही, म्हटलं,
पण शाळेत एक शब्द होता: प्रत्येकी.
आठ लाडू, चार मुलं, प्रत्येकी किती?
थोरल्यानं पाच खाल्ले
तर ते गणित चुकलं म्हणायचं.
त्यांनी अरबीत लिहिलं, दर कामगारास,
पुढे आकड्यापुरती जागा सोडली
आणि पेन टोपणात घातलं.
आकडा वरून यायचाय.
येईल, किंवा कारखाना जाईल.
किंवा दोन्ही.

माझा स्वतःचा करार खणात आहे,
त्यात कोणता शब्द आहे, मी काढून पाहिलं नाही.
आधी यादी दुरुस्त करायचीय.
सतरावी ओळ खोडू की त्रेसष्टावी?
पासपोर्ट मालकाच्या कपाटात,
तेव्हा उद्या पुन्हा जाऊन
त्यालाच विचारावं लागेल,
तुझी आई
तुला कुठल्या नावानं हाक मारायची.